नऊ वर्षांचा दाखला

४ ऑक्टोबर १९८२

मधल्या सुट्टीत नीलम्माबाई हालकुडे कार्यालयात आल्या. एरवी त्या खुर्चीवर बसत नाहीत, उभ्या उभ्याच बोलून वर्गावर जातात. आज बसल्या. हातात मुखेडच्या तहसील कचेरीची नोटीस होती, त्यांच्या मामांच्या नावाची. बाईंनी नांदेडला बी.एस्सी. आणि बी.एड. केलं ते सरकारच्या कर्ज शिष्यवृत्तीवर. आईवडील लहानपणीच गेलेले, म्हणून मामा गुरुपादप्पा जामीन राहिले. मुखेडात त्यांचं घर आहे आणि घराच्या पुढच्या अंगाला कापडाचं दुकान. रक्कम भरा, नाहीतर दोन्हींवर जप्ती येईल, असा मजकूर.

मी बाईंना धीर दिला. या शिष्यवृत्तीला एक सवलत आहे. कर्ज घेणारा पुढे शिक्षक झाला तर नोकरीच्या दर वर्षाला दहावा हिस्सा माफ होतो. बाई जून ७२ मध्ये आमच्या शाळेत लागल्या, म्हणजे गेल्या जूनलाच सगळं फिटलं. अर्ज करायचा आणि मुख्याध्यापकाचा सलग सेवेचा दाखला जोडायचा, एवढंच काम.

"दोन दिवसांत देतो," म्हणालो. बाईंनी नोटिशीची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली आणि नववीच्या वर्गावर गेल्या.

ऑगस्टात उस्मानाबादमधून नवा लातूर जिल्हा निघाला; आपण आता त्यात आहोत हे आमच्या लेखनिकाच्या, शेषेरावच्या, हाताला अजून पटत नाही. पत्राच्या डोक्यावर उस्मानाबाद लिहितो, खोडतो, मग लातूर. लातूरच्या नव्या शिक्षण कार्यालयाला असा कागद जाता कामा नये, हे त्याला बजावलं.

७ ऑक्टोबर

दाखला लिहिण्याआधी जुनी हजेरीपत्रकं काढून पाहिली. माझी पद्धतच तशी आहे. जानेवारी ७३ ते मे ७३ बाईंच्या नावापुढे एकही सही नाही. रकाने कोरे.

कारण मला माहीत आहे. तो मोठ्या दुष्काळाचा काळ. पोरं आईबापांबरोबर दुष्काळी कामांवर गेली, शाळेत बाकं रिकामी. तेव्हाचे मुख्याध्यापक अमृतराव यांनी तोंडी हुकूम दिला की शिक्षकांनी कामावरच जाऊन पोरं शिकवावीत. बाई पाझर तलावावर, मी त्याच्या अलीकडे सडकेच्या कामावर. मी मात्र दर शनिवारी गावात येऊन आठवड्याच्या सह्या करून जात असे. कितीही ऊन असो, ते कधी चुकवलं नाही. बाईंनी तेवढी काळजी घेतली नाही.

अमृतराव वारले त्यालाही बरीच वर्षं झाली. त्या महिन्यांचे पगार संस्थेने पुढे एकदमच वाटले होते. त्या पावत्या संस्थेकडे असतील.

९ ऑक्टोबर

बाईंना बोलावून हजेरीपत्रक दाखवलं. त्यांनी कोऱ्या रकान्यांवरून बोट फिरवलं.

"अमृतराव सर म्हणाले होते, एवढ्या लांबून चालत येऊ नका, मी मांडून घेतो."

"मांडून घेतलेलं नाही."

"पण सर, तुम्ही तर बघितलंय मला तिथं."

"बघितलंय. पण बघणं वेगळं आणि कागदावर असणं वेगळं. नवं कार्यालय प्रत्येकाचं सेवापुस्तक तपासणार आहे. हजेरीपत्रक एक बोलतंय आणि दाखला दुसरंच, असं झालं तर मी काय उत्तर देऊ?"

बाईंनी हजेरीपत्रक मिटलं. मी सांगितलं की उस्मानाबादला आणि लातूरला दोन्हीकडे लिहून मार्गदर्शन मागवतो. त्या "बरं" म्हणाल्या. गणिताच्या बाई आहेत, त्यांना नियम कळायला हवा.

२ नोव्हेंबर

परतीचा पाऊस पडलाच नाही. रब्बीची ज्वारी पेरलीच गेली नाही. शाळेच्या विहिरीत खडक दिसू लागलाय. दिवाळीनंतर शाळा सकाळची करावी लागेल.

संस्थेचे सचिव सिद्रामप्पा आले होते. अडत दुकान, गावात वजन, पण बोलणं मऊ. पावत्यांबद्दल विचारलं.

"त्या सालच्या पावत्यांना वाळवी लागली गुरुजी. पेटीच्या पेटी गेली." मग म्हणाले, "तुमी नियमानं चला. तुमच्यासारखा मानूस हाय म्हणून शाळंचं नाव हाय. उद्या लातूरचे साहेब तपासायला आले तर आपल्या दप्तरात बोट ठेवायला जागा नसावी."

अशी साथ देणारा सचिव मिळणं कठीण. जाता जाता सहज सांगितलं की त्यांची सून शिवकांता लातूरहून बी.एस्सी., बी.एड. झाली आहे, घरात बसून कंटाळली आहे. मी म्हटलं, शिकलेली सून आली, चांगलं झालं.

३० नोव्हेंबर

उस्मानाबादचं उत्तर आलं. संबंधित दप्तर लातूरला वर्ग केले आहे. लातूरचं उत्तर त्याआधीच आलं होतं की दप्तर अद्याप प्राप्त नाही. म्हणजे दोन जिल्ह्यांच्या मध्ये कुठेतरी, एखाद्या ट्रकमध्ये किंवा व्हरांड्यात, ती पोतडी पडली असेल. मी लातूरला पुन्हा सविस्तर पत्र लिहिलं की अशा प्रसंगी मुख्याध्यापकाने काय करावे. मला जे करता येण्यासारखं आहे ते मी करतो आहे.

१३ डिसेंबर

नीलम्माबाईंचे मामा मुखेडहून आले. जांबमार्गे दोन गाड्या बदलून. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, वय सत्तरीच्या पुढचं. बाई वर्गावर होत्या. त्यांना न सांगताच आले होते. माझ्या बायकोने, सौदामिनीने, चहा केला.

मला वाटलं, हातपाय जोडतील. तसं काही केलं नाही. शांतपणे विचारलं, "साहेब, त्या दुष्काळात ती तलावावर शिकवत व्हती का न्हाई?"

"होती."

"तुमी बघितलं?"

"हो."

"मग लिहा की तेवढंच. जास्तीचं काई लिहू नका."

मी हजेरीपत्रक, सेवापुस्तक, मान्यता, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरगी सांगत व्हती, शनवारी तुमची पोरंबी तिच्याकडंच बसायची म्हनं. तुमी गावात जायचे तवा."

ते खरं आहे. सोयीसाठी दोन्हीकडची पोरं शनिवारी एकत्र बसवत असू. एवढ्या वर्षांनी म्हाताऱ्या माणसाच्या ते ध्यानात कसं राहिलं कोण जाणे.

निघताना सौदामिनीला म्हणाले, "बाई, चहा लई ग्वाड व्हता." गाडीपर्यंत शेषेरावला सोबत पाठवलं.

रात्री जेवताना सौदामिनी म्हणाली, "आपल्या विमलला पाढे नीलम्मानेच शिकवले, त्या तलावावर. तुम्हीच तिला खांद्यावर घेऊन जायचात. सुकडीची वाटी हातात धरून पोर बे एके बे म्हणत यायची."

मी म्हटलं, विमलचे पाढे काही शासकीय पुरावा होत नाहीत. तिने ताटं उचलली.

५ जानेवारी १९८३

एक मार्ग सुचला. मला नव्हे, सिद्रामप्पांना. जून ७३ पासून पुढे बाईंच्या सह्या अखंड आहेत. म्हणजे नऊ वर्षांचा दाखला मी आजच्या आज निःशंक देऊ शकतो. त्यात एवढंच नमूद करायचं की जानेवारी ते मे ७३ सेवेत खंड. दहातले नऊ हिस्से माफ होतील. एक हिस्सा बाई हप्त्याने भरतील. कुणाचंच नुकसान नाही.

उत्साहाने बाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"हा दाखला मला नको सर."

"का?"

"खंड दाखवला की जून ७३ ची माझी नेमणूक नवी ठरते. त्या नेमणुकीला शिक्षण खात्याची मान्यता घेतलेलीच नाही, कारण तेव्हा ती नवी नव्हतीच. कागदावर मग मी कुणीच नाही. काढायला किती वेळ लागतो?"

"कोण काढणार आहे तुम्हाला?"

बाई दारापर्यंत गेल्या. मग, "शिवकांता दोनदा शाळा बघून गेली," एवढंच म्हणाल्या.

मला वाईट वाटलं. माणसाने इतकं संशयी असू नये. सिद्रामप्पा तसे गृहस्थ नाहीत. मी स्वतः धडपड करून मार्ग काढतो आणि त्यावर असं ऐकून घ्यावं लागतं.

१९ जानेवारी

लातूरचं उत्तर नाही. शाळेत पाण्याचे ड्रम ठेवले. टँकर एक दिवसाआड. पाचवीची बरीच मुलं निजामाबादकडे गेली, आईबापांबरोबर. नीलम्माबाई शाळा सुटल्यावर दहावीचे जादा तास घेतात. त्यांनी मागितले नाहीत, मी सांगितलेही नाहीत.

११ फेब्रुवारी

आज खरं लिहितो. दुपारभर मनात एक विचार येत होता. माझ्या माहितीवर मी दाखला दिला आणि कुणी विचारलं, "तुम्ही कुठे होता?" तर सांगावं लागेल, सडकेच्या कामावर. मग विचारतील, रोज कामावर होता तर हजेरीपत्रकात तुमच्या रोजच्या सह्या कशा? मी म्हणेन, शनिवारी करत होतो. यात गैर काही नाही, त्या काळी तशीच रीत होती. पण नवीन माणसाला ते कसं दिसेल? निवृत्तीला फार वर्षं राहिलेली नाहीत. विमलचं लग्न व्हायचं आहे.

म्हणून लातूरच्या उत्तराची वाट पाहणंच बरोबर. वरून आदेश आला की कुणाचंच बोलणं उरत नाही.

३ मार्च

मुखेडला गुरुपादप्पांच्या दुकानाला सील लागलं. बाई आज रजेवर. शेषेरावचा मेहुणा मुखेडला असतो, त्याच्याकडून कळलं की बाजाराच्या दिवशीच तहसीलची माणसं आली. सगळ्या बाजारासमोर गाठोडी मोजून आत ठेवली आणि दाराला लाख लावली. राहत्या घराला अजून लावलं नाही, पण आत जायचं ते मागच्या दाराने. म्हातारबा ओट्यावरून उठायला तयार नाहीत म्हणे. माझ्या दुकानासमोर बसायला कुणाची परवानगी लागते, असं विचारतात.

मी लातूरला स्मरणपत्र पाठवलं. तार करावी असंही मनात आलं होतं. पण अशा कामाला तार शोभत नाही.

१० मार्च

बाई कामावर आल्या. मी मामांची चौकशी केली.

"बसून राहिलेत ओट्यावर. गिऱ्हाईक आलं की सांगतात, दोन दिवसांनी ये, पोरीचा कागद येऊन राहिला."

१६ मार्च

गुरुपादप्पा परवा गेले. उन्हात ओट्यावरच कलंडले. नांदेडला नेईपर्यंत वाटेतच संपलं. शाळेत निरोप आला तेव्हा बाई नववीला प्रमेय शिकवत होत्या. मीच वर्गाच्या दारात जाऊन सांगितलं. त्यांनी खडू ठेवला, हात झाडले, फळ्यावरचं अर्धं राहिलेलं पुसू नका असं मुलांना सांगितलं आणि पर्स घेऊन निघाल्या. अहमदपूरच्या गाडीपर्यंत सौदामिनी त्यांच्याबरोबर गेली.

वय झालं होतं. ऊनही यंदा फार आहे.

सौदामिनी दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते आहे.

२८ मार्च

बाई परत आल्या. कपाळाला विभूती, बाकी तशाच. मधल्या सुट्टीत आल्या आणि बसल्या नाहीत.

"तो नऊ वर्षांचा दाखला द्या सर."

"विचार केलात ना?"

"मामी एकटी हाय. घराला सील लागलं तर ती जाईल कुठं?"

मी तिथल्या तिथे लिहून दिला, स्वच्छ अक्षरात, शिक्का मारून. एक प्रत सेवापुस्तकाला, एक संस्थेला. नियम तसाच आहे. मला हलकं वाटलं हे कबूल करायला हवं. इतके महिने डोक्यावर असलेलं काम एकदाचं झालं.

२२ एप्रिल

दाखल्याचा उपयोग झाला. नऊ हिस्से माफ, उरलेला बाईंनी भरला. पाटल्या मोडल्या असं सौदामिनी म्हणते. दुकानाचं सील निघालं. म्हणजे मी सुचवलेला मार्ग चुकीचा नव्हता.

१४ मे

सिद्रामप्पांनी संस्थेची बैठक बोलावली. विषय दुसराच असेल असं समजून गेलो. त्यांनी माझा दाखला टेबलावर ठेवला. श्रीमती हालकुडे यांच्या सेवेत खंड आहे, हे मुख्याध्यापकांनीच प्रमाणित केले आहे. जून ७३ ची नेमणूक विनामान्यता आहे. नव्या जिल्ह्याच्या तपासणीपूर्वी हा दोष दूर करणे आवश्यक. सबब एक महिन्याची नोटीस देऊन सेवा समाप्त करावी आणि जागा जाहिरातीने भरावी.

मी म्हणालो, "अप्पा, बाई चांगल्या शिक्षिका आहेत. दहावीचा गणिताचा निकाल त्यांच्यामुळे आहे."

"आमी कुठं न्हाई म्हनतो गुरुजी? पन कागद तुमचाच हाय. तुमीच दोष दाखवला, आता आमी झाकायचा का?"

ठरावावर मुख्याध्यापक म्हणून सही लागते. केली. ठराव माझ्याच दाखल्यावर उभा होता, मी विरोध कोणत्या तोंडाने करणार होतो? सही करताना बाईंचं जानेवारीतलं बोलणं आठवत होतं. त्यांना कळलं होतं आणि मला कळलं नाही. का कळलं नाही याचा विचार करतो आहे. नीट करवत नाही.

१५ मे

सौदामिनीला सांगितलं. ती भांडी घासत होती, पाणी कमी म्हणून राखेने. मान वर न करता म्हणाली, "अहो, अख्ख्या गावाला दिवाळीपासून ठाऊक होतं."

१३ जून

शाळा उघडली. शिवकांताबाई रुजू झाल्या. मुलगी नम्र आहे, वाकून नमस्कार केला. दहावीत जाऊन बाहेर आली आणि मला विचारलं, "सर, हालकुडे बाई प्रमेय कुठपर्यंत शिकवायच्या? मुलं म्हणतात, आम्हाला माहीत आहे, तुम्ही पुढचं घ्या." मी म्हटलं, मुलं सांगतात तसं करा.

बाईंना मी न्यायाधिकरणात जायचं सुचवलं होतं, नोटीस देताना. त्या म्हणाल्या, "तिथं कोणता कागद दाखवू सर?"

१८ जुलै

लातूरहून उत्तर आलं.

"मूळ अभिलेख उपलब्ध नसल्यास, मुख्याध्यापकांनी स्वतःच्या माहितीवरून व खात्रीवरून सेवेचा दाखला द्यावा. त्यासाठी या कार्यालयाच्या परवानगीची आवश्यकता नाही."

तीन वेळा वाचलं. शेषेरावने जावक क्रमांक विचारला, आवक म्हणायचं होतं त्याला. मी त्याच्यावर ओरडलो. मग बाहेर जाऊन पिंपळाखाली उभा राहिलो.

२३ जुलै

दाखला लिहिला. दहा वर्षांचा, सलग. "जानेवारी ते मे १९७३ या काळात श्रीमती हालकुडे पाझर तलावाच्या कामावर नियमित अध्यापन करीत होत्या, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे." माझ्या शनिवारच्या सह्यांबद्दल एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. कागद खराब झाला म्हणून दुसरा घेतला. दुसऱ्यात ते वाक्य नाही. उद्या रविवार. स्वतः जाऊन देतो.

२४ जुलै

मुखेडला जाऊन आलो. जांबला गाडी बदलताना वाटलं, परत फिरावं. फिरलो नाही.

दुकान उघडं होतं. बाई गजाने खण मोजून देत होत्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी ओट्याशी उभा राहिलो. मग त्या म्हणाल्या, "या सर, वर या. बसा." मी बसलो नाही, दाखला हातात दिला. त्यांनी सावकाश वाचला.

"प्रत्यक्ष पाहिले आहे," त्या म्हणाल्या. "ऑक्टोबरातबी पाहिलंच होतं की सर."

 मी लातूरच्या पत्राचं सांगितलं. यावर अपील करता येईल, सेवा परत मिळू शकेल, माफ न झालेला हिस्साही परत मागता येईल, असं बोलत राहिलो. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्या शिवकांताला काढावं लागेल मग. तिनं काय केलंय? आणि मामीला इथं एकटं सोडून मी कुणाकडं शिकवायला येऊ, तुमच्याकडं?" आवाज चढलेला नव्हता. वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर चुकलं की बोलायच्या तशाच बोलल्या. दाखला त्यांनी गल्ल्यात टाकला, सुट्या पैशांवर.

तेवढ्यात आतून मामी आल्या, उमाबाई. कोण आलंय म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "शाळेचे सर आलेत, मामी. देवणीकर सर."

म्हातारीने दोन्ही हात जोडले. मी मागे सरलो. मला वाटलं, आता काय ते बोलणार.

"तुमीच का ते? पोरीनं सांगितलंय मला. लातूरच्या लोकांनी लई तरास दिला, काई केल्या कागद दिला न्हाई म्हनं. तुमी व्हता म्हणून नऊ वर्सांचा तरी हाती आला, न्हाईतर हे घरबी गेलं असतं. ह्यांना बघायला मिळालं न्हाई, त्यांचं नशीब." डोळे पुसले. "जेवल्याबिगर जायचं न्हाई सर."

मी बाईंकडे पाहिलं. त्या खणांच्या घड्या घालत होत्या. मान वर केली नाही.

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. मामींनी तोवर पाट मांडला, हातावर पाणी घातलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. समोर बसून वाढत होत्या, लाजू नका म्हणत होत्या. मी दोन भाकरी खाल्ल्या.

गाडी उशिरा मिळाली. घरी आलो तेव्हा सौदामिनी उंबऱ्यात बसून होती.

"भेटली का?"

"भेटली."

"काय म्हणाली?"

मी चपला काढत होतो. "जेवू घातलं," म्हणालो.